आमचा घुम्या आणि कॉलरवरचा माइक

माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा फोन उचलत नसे. घरात एकटा असला तर फोन वाजून वाजून दमायचा आणि हा समोर बसून पेपर वाचत राहायचा. मी जन्मभर एका मोठ्या कचेरीच्या टेलिफोन बोर्डावर बसलेली बाई. वाजता फोन न उचलणारा माणूस माझ्या लेखी माणसांत जमा नव्हता. लग्न होऊन महिना झाला नसेल, तेवढ्यात मी त्याचं नाव घुम्या ठेवलं. ते इतकं चिकटलं की शेजारीपाजारीही 'घुम्याभाऊ आहेत का?' असं विचारत यायचे, आणि हा दारात उभा राहून नुसती मान हलवायचा.

बहिणीचं हे दुसरं लग्न. पहिला नवरा अपघातात गेला तेव्हा माझी भाची धड चालायलाही शिकली नव्हती. ती शाळेत जाऊ लागली त्या वर्षी बहीण चष्मा करायला एका दुकानात गेली. पुढच्या काउंटरवरचा माणूस जेवायला गेला होता, म्हणून मागच्या खोलीत काचा घासणारा कारागीर हात पुसत बाहेर आला. तो हाच. त्याने तिच्या कानांवर चष्म्याच्या काड्या बसवून बघितल्या, काढल्या, गरम करून वाकवल्या, पुन्हा बसवल्या. एक अक्षर बोलला नाही. बहीण म्हणते, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला दुखतंय का हे न विचारता ओळखलं. मी म्हटलं, अगं, न विचारणारी माणसं रस्त्यात पैशाला पासरी मिळतात. पण ती कसली ऐकते. आमच्या घराण्यात एकटी मीच कुणाचं तरी ऐकते, आणि तेही हेडफोन लावून पगार मिळायचा म्हणून.

त्याला पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा तिने लेकीला सांगितलं, "हे काका." पुढे लग्न झालं, तरी हाक बदलायचं कुणाला सुचलं नाही. काका ते काकाच राहिले.

बोलायचा तेही वाकडं बोलायचा. साखर हवी असेल तर 'ते गोड दे'. खानावळीत गेलो की वेटर आधी आमच्याकडे वळायचा, आणि आमचं सांगून झालं की हा म्हणायचा, "यांना दिलं तेच." आयुष्यात त्याने स्वतःच्या आवडीचं काही मागवलेलं मी बघितलं नाही. आम्ही हसायचो. घुम्याला विनोद करायची सवय आहे, असं आम्ही एकमेकींना समजावलं होतं. बसायच्या खोलीला रंग द्यायचा ठरला तेव्हा बहिणीने त्याला निळा आणायला पाठवलं, तर हा डबे भरून पिवळा घेऊन आला. असा भडक पिवळा की खोलीत बसलेल्या माणसाला कावीळ झाल्यासारखी वाटे. बहिणीने कपाळाला हात लावला. हा म्हणाला, "हाच बरा वाटला." मी चार गोष्टी सुनावल्या, आणि त्याने त्या नेहमीसारख्या ऐकून घेतल्या.

दुकानाच्या मालकाने एकदा त्याला पुढच्या काउंटरवर बसायला सांगितलं. पगार जास्त, गिऱ्हाइकांशी ओळखी, पंख्याखालची खुर्ची. याने नकार दिला आणि पुन्हा मागच्या खोलीत जाऊन पाणी सोडलेल्या चाकावर काच धरली. चालून आलेली संधी अशी लाथाडणाऱ्या माणसाचा मला संताप आला होता. बहीण मात्र म्हणाली, "असू दे गं, ताई. त्यांना तिथेच बरं वाटतं." तिचं ते 'असू दे' मला तेव्हा दुबळेपणाचं वाटे.

भाची मोठी झाली आणि एडिटिंग शिकली. लग्नांच्या फिल्म, कंपन्यांच्या जाहिराती, साहेबलोकांच्या मुलाखती. काम काय, तर लोक बोलताना जे 'अं… म्हणजे… ते आपलं' करतात आणि मधेच गप्प होतात, ते सगळं कापून टाकायचं, म्हणजे बोलणारा हुशार वाटतो. "मी लोकांच्या बोलण्यातली भोकं बुजवते, मावशी," ती सांगायची. पोटाला ते, आणि जिवाला दुसरंच. सुट्टीच्या दिवशी ती असले सिनेमे बघायची की ज्यांना ना मोठी कंपनी ना ओळखीचा नट. मलाही धरून न्यायची. त्यात एक माणूस खिडकीबाहेर बघत बसतो, बऱ्याच वेळाने उठतो, पडदा ओढतो, आणि आपण टाळ्या वाजवायच्या. प्रत्येकाचा प्रश्न एकच, मी कोण आणि मी कुणाचा. मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, यांना घरचे लोक नाहीत का विचारायला?" ती हसली नाही. मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण मी माझ्याच विनोदावर हसण्यात गुंग होते.

मग तिने स्वतःचा सिनेमा करायला घेतला. ती, कॅमेरा धरणारी एक मैत्रीण आणि आवाज मुद्रित करणारी एक बाई. त्या बाईचे कान सतत हेडफोनने झाकलेले असत, म्हणून आम्ही तिला कानवाली म्हणायचो. निम्मा सिनेमा घरच्यांच्या मुलाखतींचा, आणि एकच प्रसंग नट घेऊन केलेला. मी भरभरून बोलले. माझं बोलणं थांबवायला कॅमेऱ्याची बॅटरी संपावी लागली. बहीणही बोलली. घुम्याच्या वेळी कानवालीला यायला जमलं नाही, म्हणून भाचीनेच त्याला त्याच्या चाकाशेजारी बसवून, कॉलरला चिमटीएवढा माइक लावून प्रश्न विचारले. त्याने दोन-दोन शब्दांत उत्तरं दिली. त्याला एवढंच ठाऊक होतं की पोरगी घरच्या माणसांवर काहीतरी करते आहे.

सिनेमा जवळजवळ जोडून झाला तेव्हा तिने मला एकटीला तो नटाचा प्रसंग दाखवला.

दवाखान्याची खिडकी. एक माणूस हात मोडलेल्या मुलीला खांद्यावर घेऊन उभा. खिडकीतली बाई विचारते, "पेशंटचे कोण लागता तुम्ही?" माणूस गप्प. बाई पुन्हा विचारते. माणूस मान दुसरीकडे वळवतो. ती तिसऱ्यांदा विचारते, आणि तो थंड डोळ्यांनी भिंतीकडे बघत राहतो. मग ती 'बरं, आत न्या' म्हणते. मुलीचा चेहरा पडदाभर दिसतो, आणि सिनेमाचं नाव येतं, 'कोण लागता?'

"हे खरं घडलंय?" मी विचारलं.

"मी जिन्यावरून पडले होते तेव्हा. आई कामाला गेली होती. काकांनी मला उचलून पळत नेलं, आणि तिथे त्यांना सांगता आलं नाही मी त्यांची कोण ते. सांगायचंच नव्हतं त्यांना. नंतर शाळेत कधी आले नाहीत, कुणाला माझी ओळख करून दिली नाही, मी फोन केला तर उचलला नाही. मी त्यांची कुणीच नव्हते, मावशी. आईबरोबर आलेलं सामान होते."

माझं डोकं फिरलं. घुम्याला त्याच क्षणी जाऊन फाडून खावं असं वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी बहिणीची काळजी वाटू लागली. एका छोट्या हॉलमध्ये सिनेमा दाखवायचं ठरलं होतं. पहिल्या रांगेत घुम्या बसणार, आणि परक्या लोकांच्या देखत त्याला कळणार की या पोरीने त्याला कोणत्या पिंजऱ्यात उभा केलाय. त्यानंतर त्या घरात तिघं एका टेबलावर जेवू शकतील, हे मला शक्य दिसेना. तिला तसं म्हटलं, तर म्हणाली, "बघू दे त्यांना. मी इतकी वर्षं बघतेच आहे." असं म्हणत तिने तोच प्रसंग पुन्हा पहिल्यापासून लावला. तिला त्याला दुखवायचं नव्हतं. तिला उत्तर हवं होतं, आणि मागायची दुसरी रीत तिला ठाऊक नव्हती.

पुढच्याच आठवड्यात कानवाली शेवटचे आवाज जुळवायला बसली. त्यासाठी तिने कापलेला सिनेमा बाजूला ठेवून मूळ, न कापलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. ऐकता ऐकता तिने भाचीला हाक मारली, हेडफोन तिच्या कानाला लावला आणि विचारलं, "तुझे काका अडखळतात, हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"काका? ते बोलतच नाहीत, अडखळतील कुठून?"

"माझा भाऊ असाच आहे. ऐक."

भाचीने मुलाखतीत गंमत म्हणून विचारलं होतं, भिंतीला पिवळा रंग का आणलात? कापलेल्या सिनेमात तो लगेच म्हणतो, "हाच बरा वाटला." मूळ रेकॉर्डिंगमध्ये तसं नव्हतं. तिथे आधी शांतता होती, आणि त्या शांततेत कॉलरजवळच्या माइकला जे ऐकू आलं होतं ते खोलीतल्या कुणालाच आलं नव्हतं. घशात टक् असा बारीक आवाज. श्वास अडकलेला. 'नि'च्या आधीचा एक दाबलेला न, पुन्हा टक्, पुन्हा न. मग श्वास सुटल्यासारखा उसासा, आणि भलताच शब्द. प्रत्येक उत्तराआधी हेच चाललं होतं. माणूस गप्प नव्हताच, आत झटापट करत होता. शब्द हरला की दुसरा हाताशी येईल तो घेत होता. निळा म्हणता आलं नाही म्हणून खोलीभर पिवळा लावून बसला होता!

आणि ती सगळी झटापट भाचीने स्वतःच्या हाताने कापून फेकली होती. सवयीने. भोकं बुजवायची म्हणून.

ती तिथून थेट माझ्याकडे आली आणि आम्ही दोघी बहिणीकडे गेलो. घुम्या दुकानात होता. भाचीने काय ऐकलं ते सांगितलं. बहीण हातातलं काम न सोडता म्हणाली, "हो. अडतं त्यांना."

"तुला माहीत होतं?"

"लग्नाच्या आधीपासून. त्यांना वाटतं मला कळलेलं नाही. इतकं लपवतात ते, मग मी कशाला उघडं पाडू? फोन मी घेते. बाहेर गेलो की आधी मी बोलते. चालतं आमचं."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस!" भाची ओरडलीच. "मी जन्मभर समजत होते की मी त्यांना नको आहे!"

बहिणीच्या हातातलं काम आता गळून पडलं. "असं का समजत होतीस?"

मग दवाखान्याच्या खिडकीपाशी काय झालं होतं, ती गोष्ट निघाली. बहिणीने ती पहिल्यांदाच ऐकली. लेकीने आईला सांगितली नव्हती, आईने नवऱ्याचं लेकीला सांगितलं नव्हतं, आणि नवऱ्याने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तिघंही एकमेकांना जपत बसली होती. घुम्या एकटा तोच, असं मी समजत होते. सगळं घरच घुमं निघालं.

"आता त्यांना काही विचारू नकोस," बहीण म्हणाली. "आयुष्यभर झाकलंय त्यांनी. ते उघडं पडलं तर मोडतील."

"मला विचारायलाच हवं, आई. नाहीतर मला कधीच कळणार नाही की तेव्हा अडलं होतं, की खरंच नको होते."

खरी गाठ तिथे होती. पिवळ्या भिंतीचा उलगडा झाला म्हणजे दवाखान्यातल्या गप्पपणाचा झाला असं नाही. अडखळणाऱ्या माणसालाही पोर नकोशी असू शकते. भाचीला ते कळत होतं, आणि त्याचीच तिला भीती वाटत होती.

रविवारी दुकान बंद असतं. पण तुंबलेलं काम असलं की घुम्या सकाळी मागच्या खोलीत बसतो. आम्ही दोघी गेलो. बहीण आली नाही, म्हणाली माझ्याने बघवणार नाही. खोली एवढीशी. चाक, पाण्याची बाटली, गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्या लावलेल्या फ्रेमी, उजेडाचा एक दिवा. मी काचांच्या खोक्यावर बसले. भाचीने काही न बोलता हेडफोन त्याच्या कानांवर चढवला आणि रेकॉर्डिंग सुरू केलं.

त्याला पहिल्या 'टक्' आवाजालाच कळलं. हातातली काच त्याने खाली ठेवली, इतकी हळू की मला भीती वाटली. कान लाल झाले. शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढला, आणि दाराकडे बघितलं. पळून जायला दार एकच होतं आणि त्यात माझा खोका.

"काका," भाची म्हणाली, "तुम्ही लपवलंत म्हणून मी रागावलेले नाही. मला एकच विचारायचं आहे. मी जिन्यावरून पडले होते, दवाखान्यात त्या बाईने विचारलं होतं की कोण लागता. तेव्हा तुम्ही गप्प का राहिलात?"

त्याचा चेहरा असा झाला, जणू ते सगळं काल घडलंय. तोंड उघडलं. काही आलं नाही. गळ्याची शीर ताठ झाली, डोळे मिटले गेले. मी टेलिफोनवरची बाई, मला समोरच्याचं अर्धं वाक्य पुरं करायची खोड. "अहो, म्हणजे तुम्हाला…" असं मी सुरू केलंच होतं, तेवढ्यात भाचीने माझ्या गुडघ्यावर हात दाबला.

"मावशी, थांब. काही कापू नकोस."

मी तोंड मिटलं. आयुष्यात इतका वेळ मी कधी मिटलं नव्हतं. बाहेर रस्त्यावरून गाड्या जात होत्या, चाकावरून पाणी ठिबकत होतं, आणि आम्ही दोघी त्या माणसाच्या घशाकडे बघत होतो. कुणी त्याला शब्द पुरवला नाही. त्यालाही या वेळी दुसरा शब्द नको होता.

"ब…" तो म्हणाला. "ब… ब… बाप. बापच म्हणत होतो. तिने विचारलं तेव्हा… प… पासून. आत तेच चाललं होतं. न… नाही आलं. वडील म्हणून बघितलं. तेही नाही. मग ती म्हणाली आत न्या. तुझा हात लोंबत होता. म… मला वाटलं, बरं झालं, तू शुद्धीत नव्हतीस."

"होते मी."

"हे म… मला आज कळतंय."

भाची रडायला लागली. हुंदके देत, नाक गळत, लहानपणी रडायची तशी. त्याने हात पुढे केला, तर तो काचेच्या चिखलाने माखलेला, म्हणून तसाच मधेच धरून ठेवला. मग तिनेच तो ओढून डोक्यावर घेतला. तिच्या केसांत पांढरा चिखल लागला, आणि दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही. मला इतकं हायसं वाटलं की सांगता येत नाही. किती वर्षांचं ओझं होतं ते, आणि त्यातलं थोडं माझ्याही खांद्यावर होतं हे ते उतरल्यावर कळलं.

रडून झाल्यावर ती एकदम हसायला लागली. "काका, माझा अख्खा सिनेमा पाण्यात गेला हो! तुम्हाला मी नको होते, याच्यावरच तो उभा केला होता. हॉल ठरलाय, लोकांना बोलावून झालंय, आणि आता त्यात दाखवायला काही उरलंच नाही."

ती गमतीत बोलत होती, पण त्याला ते गमतीचं वाटलं नाही. त्याने तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा तोंड उघडलं. हे वाक्य आधीच्या सगळ्यांपेक्षा अवघड गेलं. पहिल्या अक्षरावर तो किती वेळ अडकला होता, ते मी मोजलं नाही. आम्ही थांबलो.

"म… म… मग मी आज काही बोललोच नाही असं धर," तो म्हणाला. "आहे तसा द… दाखव. तुझा सिनेमा होऊ दे."

मी तोपर्यंत रडले नव्हते, तेव्हा मात्र मला आवरेना. परक्या लोकांच्या हॉलमध्ये, पहिल्या रांगेत, पोर नाकारणारा माणूस म्हणून बसायला तो तयार होता, तिची मेहनत वाया जाऊ नये एवढ्यासाठी. आणि हे सांगताना ज्या शब्दांवर तो अडत होता, ते त्याला नेहमीसारखे टाळता आले असते. त्याने टाळले नाहीत.

भाचीने त्याचं ऐकलं नाही, हे सांगायला नकोच. नटाचा प्रसंग तिने काढून टाकला, आणि कॉलरला माइक लावून काकांना 'बापच म्हणत होतो' हे वाक्य पुन्हा म्हणायला लावलं. कॅमेऱ्यासमोर तो आणखीच अडकला. ते सगळं तिने जसंच्या तसं ठेवलंय, एक श्वास कापलेला नाही. हॉलमधल्या लोकांना ते वाक्य पुरं होईपर्यंत वाट बघावी लागते, आणि लोक बघतात.